गृहस्थांची नेमणूक

४ जानेवारी

तुला,

‘प्रिय’ लिहायचा हक्क मला राहिलेला नाही. ‘सौ.’ लिहावं तर ते आता माझ्या खात्यातलं नाही. ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं तर तू दोन दिवस त्याचा अर्थ काढत बसशील. म्हणून नुसतंच ‘तुला’.

आधी महत्त्वाचं. माझी तब्येत ठीक आहे, कोणी गेलेलं नाही आणि हे पत्र ठमीच्या सुट्टीबद्दल नाही. फोन न करता लिहितोय, कारण फोनवर आपण दोघं एकाच वेळी बोलतो आणि एकाच वेळी फोन ठेवतो. पत्रात निदान पानभर तरी मला कोणी मध्येच तोडत नाही.

आमच्या कंपनीचं तुला माहीतच आहे. चादरी, उशा, पडदे, टॉवेल. तू इथे होतीस तेव्हा सगळी दुकानं याच देशात होती. मालकांच्या वडिलांनी काढलेली, साधी, सगळं कापडात गुंडाळलेलं. वडील गेले आणि मालकांना समुद्र दिसला. आता पलीकडे दुकानं निघाली आहेत, त्यातली काही तुमच्याच शहरात, आणि दर महिन्याला नवीन फीत कापायला मालक विमानात बसतात.

फीत कापली जाते, पण पुढचं काही जुळत नाही. आमचा कॉम्प्युटर इथला. इथे थंडी पडली की सगळ्या जगात थंडी पडली असं तो धरून चालतो. त्यामुळे तुमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात त्याने तिथे रजया पाठवल्या. तिथल्या मॅनेजरबाईंनी फोटो पाठवलाय. रजयांचा छतापर्यंत ढीग आणि त्या ढिगावर टेबलफॅन. आणखी एका दुकानाला त्याने सगळे डाव्या बाजूचे पडदे दिले आणि उजव्या बाजूचे दुसऱ्याच देशात. गिऱ्हाइकं अर्धी खिडकी झाकून घरी बसली आहेत.

म्हणून मालकांना आता तंत्रज्ञानाचा मोठा प्रमुख हवाय. मालकांच्या आई, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, अजून प्रत्येक मोठ्या मुलाखतीला बसतात. त्यांना सांगितलं की आपण तांत्रिक प्रमुख शोधतोय, तर म्हणाल्या, “शोधा. पण एखादा मांत्रिकही बघून ठेवा, त्याच्यानेच होईल असं दिसतंय.”

माणसं नेमणं हे माझं खातं, तेव्हा हे सगळं माझ्याच गळ्यात आहे.

जाता जाता सहज विचारतो. तुझे गृहस्थ हल्ली काय करतात? म्हणजे कॉम्प्युटरमध्ये आहेत हे ठमीकडून कळलंय, पण एखादं काम हातात घेतलं की पुरं करतात का? चारचौघांत आवाज चढवतात का? दुसऱ्या देशात राहायला जायची वेळ आली तर त्यांना जमेल का? चादरींबद्दल त्यांचं काही मत आहे का?

यात माझा काही हेतू नाही. सहजच.

ठमीचे बाबा


१९ जानेवारी

तुला,

तुझं उत्तर मिळालं. ‘कसली नोकरी?’ ही पहिलीच ओळ वाचली आणि खुर्चीतच मला घाम फुटला.

तुझ्या गृहस्थांनी आमच्याकडे अर्ज केलाय हे तुला माहीत नव्हतं, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, एका घरात राहतात, एका टेबलावर चहा पितात, तर एवढं बोलले असतीलच. तू म्हणतेस, त्यांनी ‘निवड झाली तर सांगू, उगाच आधीच वाद कशाला’ असा विचार केला. खरं सांगू? हा विचार वाचून मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली. मीही तुझ्याबरोबर बरीच वर्षं असाच विचार करून काढली.

पण तू त्यांना सकाळी नाश्त्याला बसताबसता, हातात माझं पत्र धरून विचारायला नको होतंस. माणसाला आधी खाऊ द्यावं.

आता तू मागितलेला खुलासा. आम्ही एका बाईंना माणसं शोधायचं काम दिलंय. सगळे त्यांना शिकारीण म्हणतात. दुसऱ्याच्या ऑफिसात सुखाने बसलेला माणूस त्या बरोबर हेरतात आणि तो दोन महिन्यांत दुःखी कसा होईल ते बघतात. त्यांची पद्धत अशी की पहिल्या फेरीत नावं झाकून माहिती पाठवायची, म्हणजे ओळखीपाळखीचा प्रश्न येत नाही. तसे पाच जण आले. चौथा कागद वाचत होतो. शिक्षण उत्तम, अनुभव उत्तम. आणि खाली, फावल्या वेळात काय करता, तिथे लिहिलं होतं: ‘बायकोच्या मुलीला पोहायला शिकवतो. ती आता माझ्यापेक्षा चांगली पोहते.’

ठमीला पोहायला मी शिकवणार होतो, ते दर उन्हाळ्यात पुढच्या उन्हाळ्यावर गेलं. तेव्हा हा कागद कुणाचा हे कळायला मला नावाची गरज लागली नाही.

तो कागद मी बाजूला ठेवला, मग सगळ्यांच्या खाली ठेवला, मग जेवून आलो आणि सगळ्यांच्या वर ठेवला. कारण बाकीच्या चौघांत दम नव्हता. एकाने मुलाखत चालत्या गाडीतून दिली आणि उत्तराच्या मध्येच सिग्नलवर कुणाशी तरी भांडला. एकाला कामापेक्षा हुद्द्याच्या नावात रस. एक विदुषी फार हुशार, पण तिला आमच्या कंपनीत येऊन कंपनीच बंद करायची होती. राहिला एक, तो प्रत्येक वाक्यात ‘परिवर्तन’ म्हणतो. मी विचारलं, घरी कोण कोण असतं? तर म्हणाला, “सध्या परिवर्तनातून जातोय.” म्हणजे काय ते मी विचारलं नाही, मला चांगलंच कळलं.

मी सरळ मालकांकडे गेलो आणि सांगितलं, “साहेब, या निवडीत मला ठेवू नका. चौथा उमेदवार माझ्या पूर्वीच्या बायकोचा आताचा नवरा आहे.”

मालक क्षणभर विचारात पडले. मग त्यांचा चेहरा खुलला. “म्हणजे ओळखीतले आहेत. हे फारच छान झालं.”

“ओळखीतले नाहीत साहेब. मी त्यांना कधी भेटलेलोसुद्धा नाही.”

“तेच तर. त्यांच्यात काही खोट असेल तर तुमच्याइतकी मन लावून कोण शोधेल?”

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “आणि तुला खोट सापडली नाही, तर मग माणूस खरंच चांगला. तू बसच मुलाखतीला.”

यापुढे माझं काही चाललं नाही. पुढच्या पंधरवड्यात ते इथे येतायत. त्यांच्याशी आता पुन्हा भांडू नकोस, मुलाखतीला माणूस शांत डोक्याने आलेला बरा. ही कंपनीच्या वतीने विनंती समज.

ठमीचे बाबा


८ फेब्रुवारी

तुला,

त्यांनी तुला सांगितलंच असेल. तरी माझ्या बाजूचं लिहितो, म्हणजे दोन्ही मिळून तुला पूर्ण चित्र मिळेल आणि तू आम्हा दोघांना एकेकटं गाठून विचारणार नाहीस.

कंपनीच्या ड्रायव्हरच्या घरी लग्न निघालं, म्हणून विमानतळावर मीच गेलो. हातात त्यांच्या नावाचा फलक धरून उभा राहिलो. जगात फार कमी लोकांना हा योग येत असेल. ते बाहेर आले, फोटोतल्यापेक्षा उंच आहेत, हे तू कधी बोलली नव्हतीस. मी म्हटलं, “प्रवास ठीक झाला?” ते म्हणाले, “हो. तुम्ही?” मी म्हटलं, “मी इथलाच.”

गाडीत बसलो. तू सोडून कशावरही बोलायचं असं दोघांनीही ठरवलेलं दिसत होतं. रस्त्यांवर बोललो, हवेवर बोललो, रस्त्यांवर परत बोललो. एका चौकात पुढची गाडी थांबली, मी ब्रेक दाबला आणि बघतो तर शेजारी त्यांचाही पाय जमिनीवर दाबला गेलेला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

“तुमच्याही गाडीत...?” त्यांनी विचारलं.

“सगळा वेळ,” मी म्हटलं. “लाल दिवा दिसायच्या आधीपासून.”

“मला आता कोणी ‘अरे हळू’ म्हटल्याशिवाय गाडी चालवताच येत नाही.”

त्यावर आम्ही दोघं हसलो. त्यानंतर तुझ्याबद्दल काही बोललो नाही, शपथेवर सांगतो. फारसं नाही.

मुलाखत दुपारी होती. मालकांनी नवा सूट घातलेला. मोठ्या बाईंच्या पुढ्यात नेहमीप्रमाणे कापडाचे चार तुकडे, त्या बोलता बोलता चाचपत असतात. पहिला प्रश्न त्यांचाच. “तुमच्या घरात सकाळी अंथरूण कोण आवरतं?”

गृहस्थ म्हणाले, “ज्याला आधी जाग येते तो सोडून दुसरा.”

मोठ्या बाईंनी मान डोलावली. मी कागदावर काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

मग मालक बोलायला लागले. विस्तार, स्वप्न, दहा देश. गृहस्थांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मी आधी दुकान बघू का? मग उत्तरं देतो.” असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. खालीच आमचं मोठं दुकान आहे, तिथे गेले आणि चक्क गल्ल्यापाशी रांगेत उभे राहिले. त्यांच्यापुढे एक बाई उशीचा अभ्रा बदलून घ्यायला आलेल्या. गल्ल्यावरची मुलगी कॉम्प्युटरमध्ये ‘अभ्रा’ शोधतेय आणि अभ्रा सापडत नाही. शेवटी सापडला तो ‘उशी, कपडे घातलेली’ या नावाखाली. पलीकडच्या देशातली यादी कोणीतरी यंत्राकडून भाषांतर करून घेतली होती, ती उलटी इकडे येऊन बसली.

गृहस्थ वर आले तेव्हा त्यांच्या हातात बिल आणि एक टॉवेल होता. म्हणाले, “तुमच्या कॉम्प्युटरला दोष देऊ नका. हाच टॉवेल तुमच्या प्रत्येक देशात वेगळ्या नावाने, वेगळ्या नंबराने बसलाय. त्याला कळतच नाही की हा एकच टॉवेल आहे. आणि जगात दोन उन्हाळे असतात हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. नवीन यंत्रं घेण्याआधी हे दोन नीट करा.”

मालकांनी नुकतीच नवीन यंत्रं मागवली होती. पण त्यांचा चेहरा पडला नाही, उलट त्यांनी उठून गृहस्थांचा हात हातात घेतला. “कधीपासून येताय? तुमच्यासाठी माझ्या शेजारी काचेची केबिन केलीय. मी हाक मारली की तुम्ही दिसलेच पाहिजेत.”

मी गृहस्थांकडे बघत होतो. ते थोडे अवघडले.

“केबिन सुंदर आहे,” ते म्हणाले. “पण या कामाचा माणूस इथे बसून उपयोग नाही. गोंधळ दुकानांत आहे, आणि नवीन दुकानं तिकडे आहेत. मी तिथेच बसेन. इथे महिन्यातून एकदा येईन.”

मालक खाली बसले. मी पाणी आणायला उठलो. पाणी माझ्या समोरच होतं.

संध्याकाळी त्यांना विमानतळावर सोडलं. टॉवेल ते विसरून गेलेत, गाडीत राहिलाय.

ठमीचे बाबा


२६ फेब्रुवारी

तुला,

तुझं पत्र चार ओळींचं आणि चारही ओळी बरोबर.

हो. गृहस्थ इथे नोकरीला आले असते तर तुम्ही सगळे इथे आला असता, आणि ठमी माझ्यापासून दोन-तीन बसथांब्यांवर राहिली असती, हे माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून होतं. ‘दुसऱ्या देशात राहायला जायची वेळ आली तर’ हे मी सहज विचारलेलं नव्हतं. गॅलरीच्या बाजूची खोली मी रिकामी केली आहे. टेबल आणलंय, त्याचा एक पाय डुगडुगतो तो नीट करून घेतला. जवळच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापिकाबाईंनाही भेटलो. त्यांनी विचारलं, “मुलगी कितवीत येणार?” मी म्हटलं, “ते तिच्या आईच्या नवऱ्याच्या नेमणुकीवर अवलंबून आहे.” त्यांनी मला परत यायला सांगितलं नाही.

तू लिहितेस, मी त्यांना नेमतोय की तिला आणतोय हे मलाच कळत नाहीये. कळत होतं, पण दोन्ही एकदमच होतंय तर वाईट काय, असं वाटत होतं.

रविवारी तिचा फोन आला. तिने तुला सांगून केला की न सांगता, ते माहीत नाही. म्हणाली, “बाबा, तुम्ही तिघं मिळून माझी बदली करताय आणि बदलीची ऑर्डर मला सोडून सगळ्यांना माहिती आहे.”

मी म्हटलं, “अजून काही ठरलं नाहीये ठमे.”

“आधी मला ठमे म्हणणं बंद करा, मी सोळा वर्षांची आहे. दुसरं, मला इथली शाळा सोडायची नाहीये. शेवटची दोन वर्षं आहेत, माझ्या मैत्रिणी इथे आहेत, सगळं इथे आहे.”

“बरं.”

“बरं म्हणू नका, पुढचं ऐका. मला इथून जायचं नाही म्हणजे तुमच्याजवळ राहायचं नाही, असं नाही. दोन्ही वेगळं आहे. कळतंय?”

“कळतंय.”

“मग कुठेतरी लिहून टाका तसं.”

तिला ही सवय तुझ्याकडून लागलीय. पण मी लिहिलं. निवडीचा शेरा मला मालकांना द्यायचाच होता. त्यात लिहिलं की चौथे उमेदवार सर्वांत योग्य, आणि त्यांनी तिकडेच बसावं हेही योग्य, कारण रजयांवर पंखा तिकडे आहे, इकडे नाही. सही केली. ती नेहमीसारखीच आली.

मालक रुसले. मोठ्या माणसाचा रुसवा कसा असतो ते तुला माहीत नाही. ते दिवसभर त्या रिकाम्या काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसले आणि तिथून सगळ्यांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, “परिवर्तनवाल्यांना परत बोलवा. ते केबिनमध्ये बसायला तयार आहेत.”

ते आले. सोबत भिंतीएवढं चित्र आणलेलं, त्यावर बाण, गोल, परत बाण. अर्धा तास बोलले. मालक मन लावून ऐकत होते. मला वाटलं, संपलं सगळं. गृहस्थ गेले, ठमीही गेली, आणि आता जन्मभर हे बाण बघायचे.

मोठ्या बाईंनी हात वर केला. “एक विचारते. आपण विकतो काय?”

परिवर्तनवाले हसले. “उत्तम प्रश्न. आपण अनुभव विकतो, बाई. झोपेचा अनुभव.”

“मग चादरी कोण विकतं?”

“चादर हे माध्यम आहे.”

मोठ्या बाईंनी समोरचा कापडाचा तुकडा उचलला आणि त्यांच्या हातात दिला. “हे माध्यम सुती आहे की मिश्र धाग्याचं, हात लावून सांगा.”

त्यांनी हात लावला. लावला आणि चक्क वास घेतला. मग म्हणाले, “हे आपण डेटावरून ठरवू शकतो.”

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात इतकं दुःख होतं की मला त्यांची कीव आली. बाहेर आल्यावर म्हणाले, “केबिनचं काय करायचं?”

मोठ्या बाई म्हणाल्या, “त्यात पडदे लावून ठेव. कुठल्या बाजूचे आहेत तेवढं आधी बघ.”

अजून पक्कं झालेलं नाही, पण मालक आता तुझ्या गृहस्थांना रोज फोन करतात. त्यांना उगाच फोन उचलायला लावू नकोस, जरा ताणू दे.

ठमीचे बाबा


१४ मार्च

तुला,

झालं. गृहस्थांची नेमणूक झाली, तिकडेच बसणार, पहिल्या तारखेपासून. अभिनंदन. हे मी कंपनीच्या वतीने लिहितोय, आणि थोडं माझ्याही वतीने.

आता दुसरी बातमी. ती तुला आधीच माहीत असावी असा मला दाट संशय आहे, तरी मी माहीत नसल्यासारखी सांगतो.

नेमणुकीच्या बोलण्यात गृहस्थांनी एकच अट घातली. नवीन दुकानांसाठी माणसं भरायला आणि जुन्या लोकांना नवीन पद्धत शिकवायला, आमच्या गोदामात कोण कोणत्या वस्तूला काय म्हणतो हे ज्याला ठाऊक आहे असा कोणीतरी तिकडे दोन वर्षं हवा. मालक म्हणाले, “असा माणूस आमच्याकडे एकच आहे.” आणि दोघंही, फोनच्या दोन टोकांना, माझ्याबद्दल गप्प बसले. मी तिथेच होतो. मालकांनी फोन स्पीकरवर ठेवला होता.

“तुमची काही अडचण?” मालकांनी मला विचारलं.

मी म्हटलं, “साहेब, म्हणजे मी यांच्या हाताखाली काम करायचं?”

“तसं कागदावर. एरवी दोघं मिळून.”

फोनमधून गृहस्थ म्हणाले, “तुम्हाला नको असेल तर मोकळेपणाने सांगा. मला अवघड वाटतंय, तर तुम्हाला किती वाटत असेल.”

“सुचवलं तुम्हीच ना?” मी विचारलं.

ते म्हणाले, “कामासाठी तुम्ही हवेत हे माझंच मत आहे. पण तुमचं नाव आधी घरातून निघालं.”

घरातून म्हणजे कोणाकडून, ते मी विचारलं नाही. सोळा वर्षांची असेल, किंवा नसेल. तू पत्रात याबद्दल अक्षरही लिहिलेलं नाहीस, म्हणून मीही लिहीत नाही. एवढंच की फोन ठेवल्यावर मालकांनी मला रुमाल दिला आणि म्हणाले, “हवा कोरडी आहे, डोळ्यांना त्रास होतो.” ऑफिसाबाहेर त्या दिवशी अवकाळी पाऊस पडत होता.

तुझ्या अटी वाचल्या. तुमच्या गल्लीत घर घेणार नाही, मान्य. न सांगता दारात उभा राहणार नाही, मान्य. पूर्वीच्या गोष्टी गृहस्थांना सांगणार नाही, यात थोडी अडचण आहे, कारण ते स्वतः विचारतात. परवा फोनवर कामाचं बोलता बोलता म्हणाले, “एक खाजगी विचारू? ती रागावली की कपाट आवरायला घेते, तेव्हा मदत करायची की लांब राहायचं?” मी म्हटलं, लांब. पण खोलीबाहेर जायचं नाही. एवढं सांगितलं तर चालेल ना? तुझ्याच भल्याचं आहे.

घर ठमीने शोधलंय. तुमच्यापासून बसने जवळ, पण दिसणार नाही इतकं लांब. तिने फोटो पाठवले, त्यात एका फोटोत माझ्या होऊ घातलेल्या स्वयंपाकघरात ती स्वतः ओट्यावर बसलेली आहे. मी लगेच होकार कळवला. घरमालकाला वाटलं मला ओटा फार आवडला.

ठमीचे बाबा


२१ मे

तुला,

आता मी तुझ्याच शहरात आहे आणि तरीही पत्र लिहितोय. सवय लागलीय. शिवाय काल ठमी म्हणाली की तू माझी पत्रं दोनदा वाचतेस, एकदा रागाने आणि एकदा नीट. म्हटलं, मग थांबवायला नको.

आज माझा इथला कामाचा पहिला दिवस होता. सकाळी सगळ्या दुकानांतली माणसं मोठ्या दुकानात जमवली होती. गल्ल्यावरच्या मुली, गोदामवाले, शिलाईवाल्या, पंख्यावाल्या मॅनेजरबाई. मी शर्टाला दोनदा इस्त्री केली होती, तरी कॉलर एका बाजूला वर येत होती. गृहस्थांनी येऊन ती खाली दाबली, न बोलता, आणि पुढे निघून गेले.

मग ते बोलायला उभे राहिले. थोडक्यात बोलले, काम काय, क्रम काय. शेवटी माझी ओळख करून द्यायची वेळ आली. त्यांनी माझ्याकडे हात केला. “आणि हे,” म्हणाले, आणि अडकले.

मी समजलो. माझीही तीच पंचाईत होती. आपल्या भाषेत साडू आहे, मेहुणा आहे, व्याही आहे, चुलत आहे, मावस आहे. बायकोच्या आधीच्या नवऱ्याला काय म्हणायचं याची सोय कोणी केलेली नाही. मी मनात म्हणत होतो, ‘सहकारी’ म्हणा, ‘आमचे जुने कर्मचारी’ म्हणा, काहीही म्हणा आणि मोकळे व्हा.

सगळे बघत होते. मॅनेजरबाईंनी मान पुढे केली. “हे तुमचे कोण?” त्यांनी सरळच विचारलं. त्यांना बहुतेक आमच्यात साम्य दिसलं असावं, दोघांच्याही चेहऱ्यावर तोच घाम.

गृहस्थांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

“हे आमच्या मुलीचे वडील,” ते म्हणाले.

कोणी हसलं नाही. मॅनेजरबाई क्षणभर हिशेब मांडत राहिल्या, मग त्यांनी तो सोडून दिला आणि म्हणाल्या, “मग घरचेच झाले की.” आणि सगळे चहाकडे वळले.

हे ते तुला सांगणार नाहीत. काहीतरी चुकून बोलून गेलो असं त्यांना वाटतंय, दुपारभर माझी नजर टाळत होते. म्हणून मीच लिहून ठमीच्या हाती पाठवतोय. संध्याकाळी ते घरी आले की त्यांना आधी खाऊ दे, मग काही विचारायचं असेल तर विचार.

तुझा, म्हणजे तुमच्या सगळ्यांचा,
ठमीचे बाबा